गेम फुकटचा, मग पैसे कशाचे कापले?

प्रश्न : ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. माझ्या फोनवर गेम खेळतो, गेम फ्री आहे म्हणून मी कधी फारसं लक्ष दिलं नाही. काल कार्डचं स्टेटमेंट उघडलं तर एकापाठोपाठ एक जेम्सची (गेममधल्या खोट्या पैशांची) खरेदी. ओरडले तर रडत म्हणाला, मी पैसे दिलेच नाहीत, फक्त बटण दाबलं. पैसे परत मिळतील का? आणि याला समजावू कसं?

उत्तर : आधी पैशांचं बघू, कारण तिथे घाई आहे. अँड्रॉइड फोन असेल तर गूगल प्लेवरच्या खरेदीचा रिफंड ४८ तासांच्या आत थेट गूगलकडे मागता येतो, नंतर बहुतेक वेळा गेम बनवणाऱ्या कंपनीलाच लिहावं लागतं. आयफोन असेल तर ॲपलचं ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ नावाचं पान आहे, तिथे लॉगिन करून एकेक खरेदी निवडायची आणि मुलाने न विचारता केली हे सरळ लिहायचं. मिळतीलच अशी हमी नाही, पण मागितल्याशिवाय तर नक्कीच मिळणार नाहीत, म्हणून हे वाचून झाल्या झाल्या मागा. आणि खरेदी मुलानेच केलीय हे माहीत असताना बँकेला सांगून व्यवहार उलटवायला जाऊ नका, आधी स्टोअरकडे मागा, कारण बँकेकडून व्यवहार उलटवला की काही कंपन्या अख्खं अकाउंटच लॉक करतात.

आता मुलाचं. तो खोटं बोलत नाहीये हो. त्याने खरंच फक्त बटण दाबलंय. गेममध्ये पैसे कुठे दिसतात? आधी पैशांचे जेम्स होतात, मग जेम्सचे कॉइन्स, मग कॉइन्सची पेटी, त्यात शंभर जेम्सची वस्तू आणि पॅक मात्र ऐंशीचा नाहीतर दीडशेचा, म्हणजे कायम थोडे कमी पडतात नाहीतर थोडे उरतात आणि उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून परत खरेदी. हे मुद्दाम केलेलं असतं आणि यात मोठी माणसंही फसतात, तिथे नऊ वर्षांच्या पोराला काय कळणार!

फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सचं प्रकरण बघा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचं (ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेचं) म्हणणं असं होतं की बटणांची मांडणीच अशी गोंधळाची होती की गेम स्लीप मोडमधून जागा करताना एक बटण दाबलं तरी पैसे कापले जायचे, आणि मुलं पालकांच्या परवानगीशिवाय खरेदी करू शकत होती. २०२२ मध्ये कंपनीने ग्राहकांना परत द्यायला २४.५ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. त्याआधी २०१४ मध्ये मुलांच्या अशाच खरेद्यांवरून ॲपलला किमान ३.२५ कोटी डॉलर परत करायला लागले होते. म्हणून म्हणते, सगळा दोष त्या पोरावर टाकू नका.

त्याला जवळ बसवा, स्टेटमेंटवरची एक ओळ आणि गेममधली तीच खरेदी शेजारी शेजारी दाखवा, की हे बटण म्हणजे हे पैसे. एवढं पुरतं, लांबलचक भाषण नको. आणि त्याच दिवशी सेटिंग्ज बदला: प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागला पाहिजे, आणि मुलाचा ठसा त्या फोनमध्ये नोंदवलेला नको (हे खूप जण विसरतात). गूगलच्या फॅमिली लिंकमध्ये किंवा ॲपलच्या ‘आस्क टू बाय’मध्ये मुलाने काही घ्यायचं म्हटलं की आधी तुमच्या फोनवर विचारणा येते, ते चालू करा. सगळ्यात बरं म्हणजे मुलांच्या अकाउंटला कार्ड जोडायचंच नाही, द्यायचंच असेल तर ठरावीक रकमेचं गिफ्ट कार्ड द्या, संपलं की संपलं.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. माझ्या गेममध्ये एक कॅरेक्टर आहे, जेम्स देऊन लॉटरीसारखं ओढायचं, दर वेळी मिळायचा चान्स १ टक्का. म्हणजे १०० वेळा ओढलं की मिळणारच ना? मित्र म्हणतो आता थांबू नकोस, जवळ आलायस.

उत्तर : नाही रे, मिळणारच असं नाही. प्रत्येक वेळी न मिळण्याची शक्यता ९९ टक्के असते, ती १०० वेळा गुणून बघ, साधारण ३७ टक्के येते. म्हणजे १०० वेळा ओढणाऱ्या दर १०० जणांतले ३७ च्या आसपास रिकाम्या हाताने परत जातात. आणि ‘जवळ आलायस’ हे तर मनातून काढूनच टाक, मागच्या ९० वेळा काय झालं ते पुढच्या वेळेला माहीत नसतं. काही गेममध्ये ठरावीक वेळा ओढल्यावर हमखास मिळतं असा नियम असतो, तसा तुझ्या गेममध्ये लिहिला असेल तर त्या आकड्यापर्यंतचे पूर्ण पैसे आधी मोज, जेम्स नाही, पैसे. ती रक्कम आज एकदम रोख द्यायची तयारी असेल तरच सुरुवात कर. नसेल तर सुरूच करू नको, कारण मध्ये थांबणं सगळ्यात अवघड जातं आणि गेमवाल्यांना हे चांगलं माहीत असतं.

हे जुगारासारखं आहे असं मलाच वाटतं असं नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या, आत काय निघेल ते नशिबावर असणाऱ्या अशा पेट्या जुगारात धरल्या. ॲपलने २०१७ च्या शेवटी नियम केला की पेटीत काय मिळायची किती शक्यता आहे ते विकत घेण्याआधी दाखवलंच पाहिजे. तुझ्या गेममध्येही एखाद्या कोपऱ्यातल्या बटणामागे तो तक्ता असेल, शोधून वाच.

प्रश्न : फ्री डायमंड (जेम्ससारखेच, गेममध्ये खर्चायचे) देणारी एक साइट आहे, फक्त गेमचा आयडी पासवर्ड टाकायचा आणि ‘मी माणूस आहे’ म्हणून दोन ॲप्स डाउनलोड करायची. खरी असते का?

उत्तर : खोटी. डायमंडचा हिशोब कंपनीच्या सर्व्हरवर असतो, बाहेरची साइट तिथे आकडा वाढवू शकत नाही. पासवर्ड दिला की अकाउंट गेलं, आणि ती ॲप्स डाउनलोड करून घेण्याचेच त्यांना पैसे मिळतात. स्टोअरबाहेरून घेतलेल्या मॉड फाइलचंही (कुणीतरी फेरफार केलेल्या गेमचंही) तेच, त्यातही ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली तर अजिबात देऊ नका, ती दिली की तुमच्या स्क्रीनवर जे दिसतं ते सगळं त्या ॲपला वाचता येतं, बँकेचा ओटीपीसुद्धा. पासवर्ड दिला असेल तर आत्ता बदला, आणि तोच पासवर्ड ईमेलला असेल तर तिथला आधी.

प्रश्न : एका गेममध्ये मी बरेच पैसे जिंकलेत, पण काढायला गेले की आधी टॅक्स भरा म्हणतात. भरू का?

उत्तर : नका भरू. एकदा भरलात की दुसरी फी येईल, मग तिसरी. स्क्रीनवरचा तो आकडा नुसता आकडा आहे, खरे पैसे फक्त तुम्ही भराल तेच. आतापर्यंत काही भरलं असेल तर बँकेला लगेच कळवा आणि पोलिसांत तक्रार करा, स्क्रीनशॉट आणि चॅट डिलीट करू नका. आणि ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो’ म्हणून कुणी मेसेज केला तर तोही त्यातलाच समजा.

प्रश्न : फ्री ट्रायल घेतली होती, गेम डिलीट केला तरी दर आठवड्याला पैसे कापले जातायत.

उत्तर : ॲप डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही. प्ले स्टोअरमध्ये किंवा आयफोनच्या सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावावर टॅप करून सबस्क्रिप्शन्समध्ये जा आणि तिथून कॅन्सल करा. पुढच्या वेळी ट्रायल घेतली तर संपायच्या निदान २४ तास आधी कॅन्सल करा, ॲपल स्वतःच तसं सांगतं. आणि त्या यादीत आणखी काय काय चालू आहे तेही एकदा बघून घ्या.