तुमचं किती फुटाला?

प्रश्न असा आहे : "रोजच्या साध्या जगण्यातून, कुणी मुद्दाम न शिकवता, नुसतं बघून तुम्ही काय शिकलात?"

मी घराचा फूट शिकले.

कोल्हापूरबाहेरच्यांना हे वाक्य अर्धवट वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझं माहेर आजऱ्याकडचं. लग्न होऊन 2013 च्या मे महिन्यात इथं आले. सासर शुक्रवार पेठेतून पंचगंगेकडं उतरत जाणाऱ्या एका गल्लीत. जुलै लागला, पावसानं धार धरली, आणि गल्लीतल्या माणसांचं बोलणंच बदललं. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं की समोरच्या वैनी विचारायच्या, "किती झालं?" आणि सासूबाई मोरीतनंच ओरडून सांगायच्या, "सदतीस आन् चार इंच!" मला वाटलं, कुणाचा तरी ताप मोजताहेत.

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फूट ही इशारा पातळी, 43 ही धोका पातळी. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाढ्यासारखे पाठ असतात. त्याआधीच्या पिढीचं माप वेगळं होतं. ती माणसं शिवाजी पुलाकडं बघून 'मच्छिंद्री झाली', म्हणजे पाणी पुलावरच्या ठरलेल्या खुणेला लागलं, म्हणायची, आणि तेवढ्यावर सगळ्यांना सगळं कळायचं. आता सगळं मोबाईलवर येतं, तरी आमचे मामंजी छत्री घेऊन पुलापर्यंत जाऊन येतातच. आकडा कळला तरी पाणी बघितल्याशिवाय त्यांचा जीव थाऱ्यावर येत नाही.

मला खरं नवल वाटलं ते पुढंच. 43 ला धोका, हे शहराचं झालं. गल्लीत त्या आकड्याचं कुणाला फारसं सोयरसुतक नव्हतं. प्रत्येक घराचा आपला आकडा होता : बंधाऱ्यावर तेवढे फूट झाले की पाणी त्या घरात शिरणार. खालच्या टोकाच्या मावशींचं घर सत्तेचाळीसला. (मावशी नात्यानं कुणाच्याच नाहीत, सगळ्या गल्लीच्या मावशी.) मधल्या शिलाईवाल्या काकांचं एकोणपन्नासला. आमचा उंबरा साडेएकावन्नला. चढावरच्या चार घरांना फूट लागू नाही. ती माणसं पावसाळ्यात जरा तोऱ्यातच वागतात, असं माझं मत आहे. पहिल्यांदा भेटलेल्या बाईनंही "माहेर कुठलं?" नंतर लगेच विचारलं होतं, "मग तुमचं किती फुटाला?" मी गप्प. घरी येऊन सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "साडेएकावन्न. पर मोरी पन्नासलाच येती, ध्यानात ठेव."

हे मोरीचं प्रकरण मला कुठल्याच बातमीत वाचायला मिळालं नाही. पुराचं पाणी दारातनं रुबाबात येईल अशी माझी समजूत होती. ते आधी गटारातनं उलटं येतं. नदी अजून गल्लीच्या टोकाला असते आणि आपल्या मोरीच्या जाळीतनं बुडबुडे यायला लागतात. सासूबाई जुन्या लुगड्याचा बोळा करून जाळीत ठोसतात, वर लाकडी पाट, पाटावर पाटा. पाणी त्यानं थांबत नाही, पण तास-दीड तास मिळतो. त्या तासात पुष्कळ कामं होतात.

कामांचा क्रमही मी असाच बघून शिकले. आधी पिण्याचं पाणी भरून ठेवायचं. सगळीकडं पाणीच पाणी असताना नळाला मात्र थेंब नसतो, कारण उपसा केंद्रंच पुरात जातात. मग सिलिंडर बंद करून माळ्यावर. मग धान्य. आणि टीव्हीच्या आधी चटणीची बरणी! 2019 साली मी टीव्ही उचलायला गेले तर सासूबाई खेकसल्या, "ठेव ते! आधी चटणी घे." आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षाची कांदा-लसूण चटणी. उन्हाळ्यात लक्ष्मीपुरीतनं संकेश्वरी आणि ब्याडगी आणायची, देठं काढायची, उन्हात वाळवायची, खोबरं-तीळ-धणे भाजायचे, डंकावर नंबर लावून कुटून आणायची. टीव्ही दिवाळीत हप्त्यावर मिळतो. ऑगस्टच्या ओल्या हवेत मिरची कुठं वाळवणार?

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते पाण्याच्या दाबानं आपसूक उघडतात, एकातनं 1428 क्युसेक पाणी भोगावतीत सुटतं. भोगावतीचं पाणी शेवटी पंचगंगेतच येणार. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. क्युसेक म्हणजे काय हे त्यांना विचारू नका. पण "तिसरा उघडला" असं कानावर आलं की त्या ज्वारीचा डबा हलवायला घेतात, आणि "पाचवा" म्हटलं की गाद्या.

आमच्या घरी पुराचा खरा इशारा मात्र मावशी. पाणी पंचेचाळीसला गेलं की त्या येतात. एका हातात शेगडी, डोक्यावर बोचकं, मागनं त्यांचा नातू मांजर घेऊन. कुणी "या" म्हणत नाही, कुणी "येऊ का" विचारत नाही. सोप्यातली एक भिंत मोकळी करून ठेवलेली असते. मी पहिल्या वर्षी नव्या सुनेच्या हौसेनं चहा-पोह्यांचं ताट नेलं, तर सासूबाईंनी आत बोलावून हळूच सांगितलं, "पाव्हण्यासारखं करू नको, त्येनला लाजल्यासारखं हुतंय." मावशी मग आपल्या आपण स्वयंपाकघरात येऊन कांदा चिरायला बसल्या. वर्षभर मावशींचं आणि आमचं नळाच्या पाण्यावरनं वाजत असतं, हे जाता जाता सांगते.

आणि आमचा फूट आला की आम्ही सगळे, मांजरासकट, मंगळवार पेठेत मामंजींच्या बहिणीकडं, आत्तींकडं. कुणाचं घर आपल्या खाली आणि कुणाचं आपल्या वर, एवढं कळलं की गल्लीचा नकाशा समजतो. वर्षभर कोण कुणाकडं हळदीकुंकवाला जातं, उसना गॅस कुठनं येतो, कुणाशी भांडण फार ताणायचं नसतं, सगळं त्याच उतारावर आहे.

आता चुकीची गोष्ट. 2019 मध्ये ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी चढत होतं, तेव्हा गल्लीतले सगळे जाणते एकच सांगत होते, "2005 ला बी हितवर आलं न्हवतं, आता काय येतंय!" गल्लीच्या खालच्या टोकाच्या भिंतीवर 2005 ची पेन्सिलची रेघ होती, तिच्याकडं बघून आम्ही निर्धास्त. पाणी 55 फूट 7 इंचांवर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, पेट्रोल संपलं, आणि आमच्या सोप्यात चार फूट पाणी उभं राहिलं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत तर गणपती तोंडावर आलेला. अर्धवट रंगवलेल्या मूर्ती हलवायला आमच्याकडची पोरंही गेली होती.

पूर ओसरल्यावर मामंजींनी आमच्या सोप्यात नवी रेघ मारली, या वेळी ऑईल पेंटनं. तिच्यावर चार बोटं सोडून भिंतीला लांबलचक कडप्पा बसवून घेतला. माळ्यावर न मावणारं सगळं त्याच्यावर : शिलाई मशीन, तांदळाची कोठी, कागदपत्रांची पेटी. गवंड्यानं विचारलं होतं, "अजून जरा वर घिऊ का?" मामंजी म्हणाले, "बास की, ह्याच्यावर कुठं येतंय."

2021, जुलैची अखेर. 56 फूट 3 इंच. म्हणजे 2019 पेक्षा आठ इंच जास्त, आणि आम्ही सोडलेली चार बोटं. मशीन गेलं, तांदूळ फुगून कोठीचं झाकण उडालं, पेटीतल्या कागदांचा लगदा झाला. माझं दहावीचं सर्टिफिकेट मी दोरीवर चिमटे लावून वाळवलं. शाई तेवढी उरली नाही. मामंजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "रेघ मागच्या पाण्याची असती, बाई."

त्याच वेळी गाळाचं शिकले. पाणी चढताना फुटाफुटानं चढतं, उतरताना इंचाइंचानं जीव खातं. उतरायला लागलं की लोक घर पूर्ण मोकळं व्हायची वाट बघतात. तसं करायचं नाही. घोटाभर पाणी आहे तोवरच आत शिरून खराट्यानं गाळ ढवळायचा आणि उतरत्या पाण्याबरोबर बाहेर हाणायचा. एकदा का पाणी गेलं आणि गाळ बसला, की तो फरशीला साबणासारखा चिकटतो, वाळला की फावडं लागतं, आणि धुवायला नळाला पाणी नसतं. साप-विंचवाकडं तेवढं लक्ष ठेवायचं, गमबूट घालायचे. सासूबाई गमबूट घालून, पदर खोचून, खराटा घेऊन "मी आलो बघ!" म्हणत पुढं झाल्या होत्या. (इकडच्या जुन्या बायका 'मी आले' म्हणत नाहीत, 'मी आलो' म्हणतात. मी बोलताना म्हणते, लिहिताना लाजते.)

कडप्पा अजून तिथंच आहे, त्याच्यावर आता फक्त पोरांची दप्तरं. नवी रेघ मामंजींनी मारू दिली नाही. कागदपत्रं मात्र बाराही महिने आत्तींकडं असतात, जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. त्याचा त्रास काय, तर यंदा जूनमध्ये धाकटीच्या शाळेच्या प्रवेशाला जन्मदाखला हवा होता आणि मी रणरणत्या उन्हात मंगळवार पेठेत गेले. आत्तींनी आधी जेवायला बसवलं, मग पिशवी काढली. दाखला शोधताना वर आलं ते मावशींचं रेशन कार्ड.