पाप वेगळं, गुन्हा वेगळा

अगं लेखिकाबाई,

वाचली तुझी कादंबरी. दोन रात्री लागल्या. आईचा फोन आला की तुझी इन्स्पेक्टर खुर्चीत आपोआप ताठ बसते ना, ते एक वाक्य काढलंस तर बघच. बाकी पुष्कळ काढायचंय.

तिचं लहानपण तू चाळीस पानांत एकदम ओतलंयस. कडक वडील, प्रार्थना चुकली की अबोला, प्रश्न विचारला की पाप... सगळं खरं वाटतं गं, पण तोवर प्रेत बिचारं तिथेच पडून आणि वाचक म्हणतोय अरे त्याचं काय झालं पुढे. रहस्यकथेचा वाचक प्रत्येक पानावर क्लू हुंगत असतो, त्याला नुसतं दुःख वाढलंस तर तो पानं उलटत सुटणार. म्हणून ते बालपणच तपासात कामाला लाव.

चेस्टरटनच्या रहस्यकथांतला पाद्री डिटेक्टिव्ह, फादर ब्राउन घे. १९१० च्या त्या पहिल्या गोष्टीत पाद्र्याचा वेष घेतलेला चोर असतो, ब्राउनला त्याचा संशय आधीच आलेला असतो पण हा पाद्री नाहीच याची खात्री कशावरून पटते तर तो बोलता बोलता मानवी बुद्धीलाच नावं ठेवतो आणि शिकलेला पाद्री असं बोलणार नाही! म्हणजे धर्माचं शिक्षण हाच पुरावा. तुझ्या बाईला असं काय माहितीये जे स्टेशनात दुसऱ्या कुणालाच माहीत नाही? मला एक सुचलं, वापर हवं तर. लहानपणी ऐकून पाठ केलेली प्रार्थना माणूस भरभर म्हणतो, शब्द गिळतो, अर्थ न कळता शिकलेला असतो ना. मोठेपणी पुस्तकातून शिकलेला मात्र एकेक शब्द स्वच्छ उच्चारतो. तुझा तो संशयित, जो म्हणतो मी जन्मापासून याच पंथातला, त्याला अंत्यविधीला फार छान म्हणू दे प्रार्थना. सगळे भारावतील आणि हिच्या एकटीच्या कानाला खटकेल. बस, बालपणाची दहा पानं कमी झाली.

आणि त्याच बालपणाने तिला एकदा सपशेल चुकवलं पाहिजे, हे तर तू केलंच नाहीयेस. ज्या घरात खोटं बोलणं, चोरून सिनेमा बघणं आणि जीव घेणं सगळ्याला एकच शब्द असतो, पाप, तिथून आलेल्या माणसाला पाप आणि गुन्हा वेगळे करायला वेळ लागतो. ती त्या लफडं असलेल्या बाईच्या मागे शंभर पानं लागू दे. त्या बाईचा चेहरा अपराधी आहेच, पण तो वेगळ्याच कारणाने. आणि नेमाने वागणारा, खाली मान घालून बसणारा तिच्या नजरेतून निसटू दे, कारण असल्या माणसाला चांगला म्हणायचं हे तिला सहाव्या वर्षी शिकवलंय. चूक कळते तेव्हाच तिचा घराशी खरा सामना होतो, त्यासाठी भाषण नको.

वडिलांबरोबरचा सीन म्हणूनच फसलाय. दोघं नुसते ओरडतायत. एक जुनी गोष्ट सांगते. युरोपात पूर्वी आरोपीच्या हातात तापलेलं लोखंड द्यायचे, जखम कशी भरते त्यावरून देवाचा निकाल ठरायचा. १२१५ मध्ये चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांना त्यात भाग घ्यायला मनाई केली, आणि पाद्री नाही तर देवाचा कौल कसला, मग कोर्टांना हळूहळू साक्षी, चौकशी, इंग्लंडात ज्युरी असे माणसांचे मार्ग धरावे लागले. बाप आणि लेकीचं भांडण नेमकं हेच आहे बघ. तो म्हणणार देव बघतोय, आणि तिला असा साक्षीदार हवाय जो कोर्टात उभा राहील. एवढ्यावर ठेव तो सीन, दोन पानं पुरे. बापाला राक्षस करू नकोस, त्याचं त्याच्या जागी पटलं पाहिजे.

शेवटाबद्दल मात्र मी भांडणार. प्रार्थनाघरात तिला अचानक सगळं उमगतं म्हणे! रहस्यकथा लिहिणारा रोनाल्ड नॉक्स स्वतः कॅथलिक पाद्री, अँग्लिकन बिशपचा मुलगा. त्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यात दैवी शक्ती साफ बाद, आणि डिटेक्टिव्हला योगायोगाची किंवा कारण न सांगता येणाऱ्या अंतःप्रेरणेची मदतही बाद. ज्याचं आयुष्य देवाच्या कामात गेलं त्याने देवाला तपासातून बाहेर ठेवलं, आणि तुझी बाई घर सोडून पंधरा वर्षं झाली तरी साक्षात्कार मागतेय? प्रार्थनाघरात जाऊ दे तिला, पण तिथे तिला गिळलेल्या शब्दांचा तो आवाज ऐकू येऊ दे, शेजारी लहान मुलं म्हणत असतील, आणि अंत्यविधीचं तिला तेव्हा आठवेल.

पुढच्या ड्राफ्टची घाई नाही. आधी तो अंत्यविधीचा सीन एकटाच लिहून पाठव, आणि प्रार्थना स्वतः मोठ्याने म्हणून बघ, कुठे शब्द गिळले जातात ते कळेल.

तुझी,
ताई