विंडोजवरच्या व्हीएस कोडमध्ये लिनक्सच्या कमांड चालवायला गिट बॅश (गिटसोबत येणारं लिनक्ससारखं टर्मिनल) पुरे की डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) घ्यावं? डब्ल्यूएसएल फार हळू आहे असं ऐकलंय.

ग्रेप, सेड (मजकूर शोधायच्या-बदलायच्या कमांड) आणि एखादी शेल स्क्रिप्ट एवढंच असेल तर गिट बॅश पुरे. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'टर्मिनल: सिलेक्ट डीफॉल्ट प्रोफाइल'मध्ये तो निवडा, झालं. 'मेक' ही प्रोजेक्ट बिल्ड करायची कमांड मात्र त्यात मिळत नाही.

आता ते 'हळू आहे' प्रकरण. हे छातीठोकपणे सांगणारा प्रत्येक टीममध्ये एक तरी असतो, आणि त्याचा प्रोजेक्ट हमखास सी ड्राइव्हवर सापडतो. डब्ल्यूएसएल २ म्हणजे खऱ्या लिनक्स कर्नलचं हलकं व्हर्च्युअल मशीन. त्याची स्वतःची एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) डिस्क असते, तिथे वेग उत्तम. सी ड्राइव्ह आत '/एमएनटी/सी' म्हणून दिसतो खरा, पण तिथली प्रत्येक फाइल ९पी या फायली पोचवणाऱ्या प्रोटोकॉलने मशीनची हद्द ओलांडून येते. एका मोठ्या फाइलला ते जाणवत नाही. गिट स्टेटस किंवा नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हजारो चिल्लर फायली आल्या की जीव जातो. वर आणखी एक: सी ड्राइव्हवरची फाइल विंडोजमधून बदलली तर आत आयनोटिफायला (फाइल बदलल्याची खबर देणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेला) पत्ताच लागत नाही. सेव्ह केलं तरी डेव्ह सर्व्हर रीलोड होत नाही आणि शिव्या बिचाऱ्या वेबपॅकला (कोडची फाइल बांधून देणाऱ्या टूलला).

म्हणून रेपो (प्रोजेक्टचा गिट फोल्डर) उबुंटूच्या, म्हणजे डब्ल्यूएसएलमधल्या लिनक्सच्या, होममध्येच क्लोन करा, व्हीएस कोडचं डब्ल्यूएसएल एक्स्टेंशन टाका आणि त्या फोल्डरात 'कोड .' मारा. खिडकी विंडोजची राहते. टर्मिनल, डीबगर, लिंटर सगळं लिनक्समध्ये चालतं. खाली डाव्या कोपऱ्यात 'डब्ल्यूएसएल: उबुंटू' दिसत नसेल तर तुम्ही अजून विंडोजमध्येच आहात. पायथनसारखी एक्स्टेंशनं तिकडे वेगळी टाकावी लागतात.

मग 'विच एनपीएम' चालवून बघा (एनपीएम म्हणजे नोडसोबत येणारं पॅकेज टाकायचं टूल). उत्तर '/एमएनटी/सी'ने सुरू झालं तर विंडोजचाच एनपीएम चाललाय. उबुंटूत नोड वेगळा टाका. 'अपेंडविंडोजपाथ' (विंडोजचे प्रोग्राम लिनक्समध्ये सापडू देणारं सेटिंग) फॉल्स करा असा सल्ला मिळेल. केलंत तर 'कोड .'सुद्धा सापडेनासं होतं.

जुनी स्क्रिप्ट 'बॅड इंटरप्रिटर' म्हणाली आणि मागे '^एम' दिसलं, तर ओळींचा शेवट सीआरएलएफ, म्हणजे विंडोज पद्धतीचा आहे (लिनक्सला नुसता एलएफ लागतो). डॉस२युनिक्स (शेवट बदलून देणारी कमांड) एकदा चालवा आणि रेपोतल्या '.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' फाइलमध्ये शेल फायलींना 'ईओएल=एलएफ' लावा, नाहीतर पुढच्या चेकआउटला पुन्हा तेच.

पॉवरशेल ५.१ मधून मराठी मजकूर पाइपने डब्ल्यूएसएलच्या ग्रेपला देऊ नका. ते डीफॉल्टने आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांचं एन्कोडिंग) पाठवतं, सगळ्या अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. अख्खा पाइप बॅशच्या आतच चालवा.

हां, रॅम ८ जीबी असेल तर युजर फोल्डरातल्या '.डब्ल्यूएसएलकॉन्फिग'मध्ये '[डब्ल्यूएसएल२]'खाली 'मेमरी=३जीबी' लिहा, म्हणजे डब्ल्यूएसएल २ त्याहून जास्त रॅम खाणार नाही, आणि 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' करा. फायली सी ड्राइव्हवरच ठेवणं भाग असेल, किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलायझेशन बंद असेल, तर डब्ल्यूएसएल १ वापरा. सी ड्राइव्हवर तेच जास्त वेगाने चालतं. फक्त डॉकर त्यावर चालणार नाही.