जँगोची दिशा कोण ठरवतं?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर जँगोवर चालतं. त्याला मालक नाही म्हणतात. मग उद्या ते कुठे जाणार, हे ठरवतं कोण? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची काळजी अगदी रास्त आहे, पतसंस्थेत लोकांचे कष्टाचे पैसे असतात. जँगो म्हणजे वेबवर चालणारं सॉफ्टवेअर बांधायचा तयार सांगाडा. ते जन्मलं अमेरिकेतल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत आणि २००५ साली सर्वांसाठी खुलं झालं. बरीच वर्षं अखेरचा शब्द ते घडवणाऱ्या एड्रियन होलोव्हाटी आणि जेकब कॅप्लान-मॉस यांचा असे. २०१४ मध्ये दोघांनी तो अधिकार स्वतःहून सोडला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आज पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ तांत्रिक दिशा पाहतं. पैसा आणि नाव सांभाळायला वेगळी संस्था आहे.

शिवाय इथे काहीही रातोरात काढून टाकत नाहीत. जगभरातल्या वेळांचा हिशेब ठेवणारी जुनी पायटीझेड लायब्ररी (तयार कोडचा संच) जँगोच्या ४.० आवृत्तीत बाद होणार म्हणून जाहीर झाली, आधार गेला तो ५.० मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी. माझ्या एका प्रकल्पात चार फायलींत ती होती. चाचण्या चालवल्या की इशाऱ्याची तीच ओळ चारदा दिसायची. एका शनिवारी बसून चारही फायली बदलल्या.

तुम्ही ५.२ आवृत्तीवर या. तिला एप्रिल २०२८पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. आणि तुमच्या प्रोग्रामरला एखादी अडचण दिसली, तर ती नीट लिहून जँगोच्या लोकांना कळवायला सांगा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं!