चौघांना एकच ओळ दे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझी अरेंजमेंट नीट ऐकली. दोन ट्रम्पेट, दोन सॅक्सोफोन, आणि पहिल्या मात्रेपासून चौघांना चार वेगळे सूर. कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे सुरांचे गुच्छ, भरगच्च झाल्या, पण गुणगुणावी अशी ओळ एकही सापडली नाही. आता ती वही मीट आणि काही दिवस अमेरिकन गायक-संगीतकार स्टीव्ही वंडरचं 'सर ड्यूक' ऐक.

१९७६ च्या 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ' या अल्बममधलं हे गाणं. त्यातही दोन ट्रम्पेट आणि दोन सॅक्सोफोनच आहेत: रेमंड माल्डोनाडो, स्टीव्ह मडायो, हँक रेड, ट्रेवर लॉरेन्स. म्हणजे माणसं तुझ्याएवढीच. ध्रुवपद संपल्यावर काय होतं ते ऐक. गळा थांबतो, कॉर्ड नाहीशा होतात आणि ट्रम्पेट, सॅक्सोफोन, गिटार, नेथन वॉट्सचा बास, सगळे मिळून एकच लांबलचक ओळ वाजवतात. हार्मनी अजिबात नाही. दिंडीत शंभर गळे एकच चाल उचलतात तेव्हा जे अंगावर येतं, तेच इथे येतं. जगभरचे बासवादक आजही या ओळीवर हात घासतात.

ती ओळ आधी गा. पांढरी सातचा सा धर. बहुतेक सूर सा रे ग प ध यांतच मिळतील. तुझा गळा भूपावर तयार झालाय, सूर अडणार नाहीत. अडेल ती लय. ही ओळ वारंवार मात्रांच्या मधे पडते, म्हणून हाताने ताल धरल्याशिवाय गाऊ नकोस. श्वास कुठे घेतेस तिथे पेन्सिलीने खूण कर. वाजवणाऱ्यांनाही बहुधा तिथेच लागेल. आणि त्यांच्यावर दया ठेव: बी-फ्लॅट ट्रम्पेटसाठी सूर ऐकू येतो त्यापेक्षा एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो, म्हणून त्यांच्या कागदावर ही पट्टी म्हणजे डी-फ्लॅट मेजर, पाच कोमल खुणा. बोटांना ती सहज बसत नाही.

हे गाणं जॅझचे थोर संगीतकार आणि वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांना वाहिलेलं आहे. ते १९७४ मध्ये गेले. काउंट बेसी, ग्लेन मिलर, लुई आर्मस्ट्राँग, एला फिट्झगेराल्ड यांचीही नावं स्टीव्ही त्यात घेतो. सव्वीस वर्षांचा मुलगा आपल्या वाडवडिलांची नावं पॉप गाण्यात गातो आणि ते गाणं १९७७ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जातं, याचा मला अजून आनंद होतो.

एलिंग्टनही ऐक. १९६३ मध्ये त्यांचा वाद्यवृंद मुंबईत वाजवून गेला होता. ते नुसत्या 'ट्रम्पेट'साठी लिहीत नसत, आपल्या वृंदातल्या कूटी विल्यम्ससाठी लिहीत. ऑल्टो सॅक्सोफोनची ओळ त्यांच्याच जॉनी हॉजेसच्या लांब मिंडी डोळ्यांपुढे ठेवून लिहीत. तुझ्या टेनर सॅक्सोफोनवाल्याचा खालचा सप्तक फार देखणा आहे, आणि तू त्याला सगळीकडे वरच ठेवलं आहेस. तेवढं बदल.

रविवारी ये. कॉम्प्युटर आणू नकोस, ओळ गाऊन दाखव.

तुझे सर