सहलीच्या दिवशी मुलांनी खायचे काय?

प्रश्न : आम्ही नेरुळला राहतो. पुढच्या रविवारी खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात जाणार आहोत. सहा वर्षांचा मुलगा वरणभात आणि तूप-साखर-पोळीखेरीज काही खात नाही. दिवसभराचे कसे निभवावे? — एक वाचक, नेरुळ

उत्तर : नव्या पदार्थाची सवय लावण्याचा हा दिवस नव्हे, दमलेले मूल अनोळखी चवीला हमखास नाक मुरडते. निघण्यापूर्वी घरीच पोटभर खाऊ घाला. अशा उद्यानांत बाहेरचे खाणे सहसा आत नेऊ देत नाहीत, म्हणून प्रवेशाचे नियम फोनवरून आधीच विचारून घ्या. जेवणाची वेळ बारापूर्वीची ठेवावी, कारण एक वाजता रांगेत ताटकळलेले मूल समोर आलेले ताट हमखास ढकलते. साधा भात, बिनफोडणीची डाळ, चटणी न लावलेला डोसा, असे नेमके सांगून मागवा, आणि डाळ भातावर न ओतता वेगळ्या वाटीत द्यायला सांगा. जेवणानंतर अर्धा तास तरी गरगर फिरणाऱ्या पाळण्यांपासून त्याला दूर ठेवा. परतीसाठी गाडीत दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या आणि केळी ठेवा; शिजवलेला भात मात्र तापलेल्या गाडीत मुळीच ठेवू नये, कारण त्यात जंतू झपाट्याने वाढतात.