पिंक फ्लॉइडचे शेवटचे अल्बम, बॉक्स सेट आणि पेटीची साथ

अरे मित्रा, तुझा प्रश्न परवाच वाचला होता, पण आमच्याकडे फोंड्याला पावसाने दोन दिवस लाइटचं काही खरं नव्हतं, म्हणून आज सावकाश लिहितोय. तू विचारलंस की पिंक फ्लॉइड हा इंग्लिश रॉक बँड १९७९ च्या 'द वॉल' अल्बमनंतर संपलाच का, 'दि एंडलेस रिव्हर' म्हणजे उरलेसुरले तुकडे जोडून केलेला अल्बम का, आणि हे दर दोनतीन वर्षांनी निघणारे महागडे बॉक्स सेट घ्यावेत की ही सरळ लूट आहे. त्याखाली एकाने तुला सांगून टाकलंय की १९७९ पर्यंतचं ऐक आणि बंद कर. मला ते अजिबात पटलेलं नाही, आणि का पटलेलं नाही ते नीट सांगायला पाहिजे, कारण हा बँड मी १९८८ पासून ऐकतोय.

आधी एक सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी पेटी वाजवतो. कॉन्सर्टमध्ये वगैरे नाही, आमच्या देवळात भजनाला, जत्रेच्या नाटकाला, आणि वास्कोच्या दामोदर सप्ताहात कितीतरी वर्षं. सप्ताहात चोवीस तास भजन चालू असतं, ते तुटता कामा नये, त्यामुळे माझी पाळी संपली की पुढचा पेटीवाला शेजारी येऊन बसतो, आधी फक्त षड्ज धरतो, मग मी हळूच हात काढतो, आणि समोर बसलेल्यांना कळतसुद्धा नाही की माणूस बदलला. साथ म्हणजे काय ते मी तिथे शिकलो. गायक श्वास घेतो तेवढ्यात सूर धरून ठेवायचा, त्याने जागा घेतली की मागून जायचं, आणि त्याने सोडली की ती रिकामी वाटू द्यायची नाही. साथ चांगली असली की लोक गायकाचं कौतुक करतात, आणि साथ नसली की म्हणतात आज काहीतरी जमलं नाही बुवा, पण काय ते सांगता येत नाही.

फ्लॉइडच्या शेवटच्या अल्बमांबद्दल लोक बोलतात ते मला नेमकं असंच वाटतं. बेसवाला आणि गीतकार रॉजर वॉटर्स विरुद्ध गिटारवाला डेव्हिड गिल्मोर हे भांडण सगळ्यांना पाठ आहे, तू कुणाच्या बाजूचा हा प्रश्न चाळीस वर्षं चाललाय, आणि त्या सगळ्या गदारोळात कीबोर्डवरचा रिचर्ड राइट कुणाच्या हिशेबातच नसतो. माझं म्हणणं असं की त्याचा हात जिथे जिथे कमी होत गेला तिथे तिथे हा बँड उणा पडत गेला, आणि हे तू स्वतः कान लावून तपासू शकतोस.

'अ‍ॅनिमल्स' घे, १९७७ चा. राइट वाजवतोय, 'शीप'च्या सुरुवातीचा तो इलेक्ट्रिक पियानो त्याचाच, पण एकाही गाण्यावर रचनाकार म्हणून त्याचं नाव नाही. मग 'द वॉल' चालू असतानाच त्याला बँडमधून काढलं, आणि १९८०-८१ च्या शोजना तो पगारी वादक म्हणून उभा राहिला. त्यानंतर आला १९८३ चा 'द फायनल कट', ज्यात तो नाहीच. कव्हरवरच लिहिलंय, रचना रॉजर वॉटर्सची आणि सादरीकरण पिंक फ्लॉइडचं.

आता या अल्बमला लोक थंड, रडका म्हणतात ते मला अन्याय वाटतं. वॉटर्सचे वडील १९४४ मध्ये इटलीत अँझिओला लढाईत मेले तेव्हा हा काही महिन्यांचा होता, अल्बम त्यांनाच अर्पण केलाय, आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धाने त्याची ती जखम परत उघडली. शब्द म्हणून बघशील तर वॉटर्सने इतकं उघडं फार कमी वेळा लिहिलंय. पण पियानो मायकल केमन, ऑर्गन अँडी बाऊन, वर ऑर्केस्ट्रा, सगळे उत्तम वादक, आणि तरी त्या आवाजाखाली अंथरूण नाही. वॉटर्स कुजबुजतो, मग ओरडतो, मग गप्प होतो, आणि तो गप्प झाला की खरोखरच सगळं गप्प होतं. जुन्या रेकॉर्ड्समध्ये ती जागा राइट भरायचा. गिल्मोरला तर पुढे येऊन गायला एकच गाणं मिळालंय, तेही चिडलेलं. मी हा अल्बम वर्षातून एकदा ऐकतो, रात्री, एकटा, आणि प्रत्येक वेळी हलतो, पण बँड म्हणून नाही, एका माणसाचं पत्र वाचल्यासारखा.

पुढचा १९८७ चा 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' मला खरंच आवडत नाही आणि त्यावर जास्त लिहिणार नाही. वॉटर्स बँड सोडून नावावरून कोर्टात गेलेला, ड्रमर निक मेसनचे ड्रम्स बऱ्याच ठिकाणी दुसऱ्यांनी वाजवलेले, राइट आला तोही उशिरा आणि पूर्ण सभासद म्हणून नाही. नाव पिंक फ्लॉइड आणि आत गिल्मोर अधिक भाड्याची माणसं, ऐंशीच्या दशकातल्या त्या टणटणीत ड्रम्ससकट. १९९४ चा 'द डिव्हिजन बेल' मात्र वेगळा, कारण त्याची सुरुवातच गिल्मोर, मेसन आणि राइट या तिघांनी एका खोलीत बसून तासन्‌तास वाजवण्यातून झाली. त्यात राइट स्वतः एक गाणं गातो, आणि 'मरून्ड'मध्ये गिल्मोरची गिटार इतकी मोकळी फिरते कारण खाली कुणीतरी जमीन धरून बसलाय. सगळी गाणी चांगली नाहीत, दोनतीन तर मी पुढे सरकवतो, तरी हा बँडचा अल्बम आहे.

आता बॉक्स सेट. इथे मला तुझ्यावर थोडा राग येणार आहे, म्हणून आधी तुझ्या बाजूचं बोलून घेतो. २०११ च्या मोठ्या सेटांमध्ये गोट्या, मफलर, कोस्टर भरलेले होते, त्याची गरज नव्हती. २०१६ चा 'दि अर्ली इयर्स' २७ डिस्कचा, आणि त्यात डीव्हीडी आणि ब्लू-रेवर तेच तेच दोनदा, म्हणजे एकाच मालाचे दोनदा पैसे. 'अ‍ॅनिमल्स'चा २०१८ चा रीमिक्स तयार होऊन पडला होता आणि आत छापायच्या मजकुरावरून वॉटर्स आणि गिल्मोर हे दोन म्हातारे भांडले म्हणून लोकांना तो २०२२ मध्ये मिळाला. हे सगळं चुकीचंच आहे, आणि पगारातून पैसे काढून घेणाऱ्याला चीड येणारच.

पण जुन्या टेप बाहेर काढणं हीच लूट, असं म्हणू नकोस रे. आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर घे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली तिच्यावर त्यांची भैरवी आहे, तिची लांबी साधारण साडेतीन मिनिटं. सूर्यमालेबाहेर गेली बाई, आणि त्यांच्या गावापासून अर्ध्या तासावर राहणाऱ्या मला त्यांचं काय मिळालं, तर ७८ च्या तबकडीवर मावलं तेवढं. एक राग तासभर कशा उलगडत असतील, तबल्याला मध्येच काय खूण करत असतील, सारंगीवाला कुठे मागे राहत असेल, हे मला कळणारच नाही. कुणी आज येऊन म्हणालं की अख्ख्या मैफलीची चांगली टेप सापडलीय तर मी स्कूटर विकून ती घेईन. म्हणून ज्या बँडच्या मैफली टेपवर शिल्लक आहेत त्याच्या चाहत्यांनी त्या कपाटातच राहू देत म्हणावं हे मला बघवत नाही.

आणि त्या टेपमध्ये काय आहे बघ. नोव्हेंबर १९७४, लंडनचं वेम्बली. 'विश यू वेअर हिअर' अजून रेकॉर्ड व्हायचाय आणि हे लोक तीन नवी गाणी हजारो माणसांसमोर वाजवतायत. एक 'शाइन ऑन', आणि बाकी दोन, 'रेव्हिंग अँड ड्रूलिंग' आणि 'यू हॅव गॉट टू बी क्रेझी', जी पुढे दोन वर्षांनी शब्द बदलून 'शीप' आणि 'डॉग्ज' झाली. गिल्मोरला त्या तिसऱ्या गाण्यात इतके शब्द कोंबायचे आहेत की श्वास पुरत नाही, ते ऐकू येतं, आणि मग 'डॉग्ज' ऐकलंस की कळतं त्यांनी काय काय काढून टाकलं. आपल्याकडे बंदिश नवी असली की देवळात चारपाचदा म्हणून बघतात, मगच ती बसते, अगदी तसं.

किंवा राइटचाच पियानो घे. १९७० च्या सुमारास अंतोनिओनीच्या सिनेमासाठी त्याने एक तुकडा केला होता, दिग्दर्शकाने तो नाकारला. तोच तुकडा १९७३ मध्ये 'अस अँड देम' झाला. त्याचा एकट्या पियानोवरचा डेमो २०११ मध्ये बाहेर आला, शब्द नाहीत, सॅक्सोफोन नाही, कुणीही नाही, आणि तरी गाणं पूर्ण आहे! मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा पेटीवर बसवायचा प्रयत्न केला, ते स्वर पेटीवर येतात पण पियानोवर एक स्वर वाजून विझत जातो तसा पेटीवर विझत नाही, भात्यातला वारा संपेपर्यंत तो तसाच राहतो, आणि तो विझणंच त्या रचनेचा जीव आहे हे त्या दिवशी कळलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या सेटात 'विश यू वेअर हिअर'चं व्हायोलिनवालं रूप आलं. जॅझ व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली स्टुडिओत शेजारी रेकॉर्डिंगला आला होता, त्याला बोलावून वाजवून घेतलं, मग मिक्समध्ये काढून टाकलं, आणि ते पुसलं गेलं असंच सगळे समजत होते. ३६ वर्षांनी सापडलं. ते कपाटात राहिलं असतं तर कुणाचं भलं झालं असतं सांग.

चोरून केलेल्या टेपांचंही तेच. अंजुण्याच्या बुधवारच्या बाजारात १९८९ मध्ये एका गोऱ्या माणसाकडून मी एक कॅसेट घेतली होती, वर फक्त ७५ लिहिलेलं. आत प्रेक्षकांचा गलका, आणि 'शाइन ऑन' दोन भागांत, मध्ये दुसरंच गाणं. मला वाटायचं कुणीतरी कॅसेट जोडताना चूक केली. नंतर समजलं की १९७५ च्या दौऱ्यात ते तसंच वाजवायचे. त्याच दौऱ्यातला लॉस एंजेलिसचा २६ एप्रिलचा शो माइक मिलार्ड नावाच्या माणसाने व्हीलचेअरमध्ये रेकॉर्डर लपवून आत नेऊन टेप केला होता, आणि ती टेप २०२५ मध्ये संगीतकार स्टीव्हन विल्सनने साफसूफ करून अधिकृत सेटमध्ये आली. ५० वर्षं लोक नकलेची नक्कल करून जे ऐकत होते ते बँडने स्वतः स्वीकारलं, मला हे फार बरं वाटलं.

एका गोष्टीला मात्र माझा विरोध आहे. 'मोमेंटरी लॅप्स'चं २०१९ मध्ये नवं रूप काढलं, मेसनने ड्रम्स नव्याने वाजवले आणि राइटचे कीबोर्ड नंतरच्या लाइव्ह शोजमधून उचलून घातले. ऐकायला जुन्यापेक्षा बरं आहे, खोटं कशाला बोलू. पण राइटने ते सूर त्या संध्याकाळी, त्या गाण्याला, समोरच्या माणसांकडे बघत दिले होते. १९८७ मध्ये त्याला नीट बोलावलं नाही आणि तो गेल्यावर त्याचे हात आणून बसवले, हे मला साथ म्हणून मान्य नाही. जुनं रूप दुकानात राहू द्यावं, नवं शेजारी ठेवावं, एवढंच माझं म्हणणं.

मग तू म्हणशील 'दि एंडलेस रिव्हर'मध्ये तरी दुसरं काय केलंय. बरोबर, राइट १५ सप्टेंबर २००८ ला गेला, अल्बम आला नोव्हेंबर २०१४ मध्ये, आणि साहित्य १९९३-९४ च्या टेपांवरचं, वीस तासांहून जास्त. पण इथे उलटं आहे. इथे राइटचं वाजवणं आधी आहे आणि जिवंत असलेले दोघे, गिल्मोर आणि मेसन, त्याच्यावर वाजवायला बसलेत. आयुष्यभर ज्याने साथ केली त्याला शेवटी बाकीच्यांनी साथ केली. तो अल्बम गाण्यांसाठी ऐकायला गेलास तर हातात काही लागत नाही, शब्दांचं गाणं शेवटी एकच. अल्बमचे चार भाग आहेत, त्यांना बाजू म्हणतात, प्रत्येक बाजू एका दमात ऐक, आणि गिटारकडे लक्ष देऊ नकोस. तिसऱ्या बाजूवर 'ऑटम सिक्स्टी एट' आहे, दीड मिनिटाचं, त्यात राइट १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला मोठा पाइप ऑर्गन वाजवतोय, २५ वर्षांचा असताना, आणि त्याच्यावर गिल्मोरची २०१४ ची गिटार. २००६ च्या दौऱ्यात हे दोघे फ्लॉइडचं जुनं गाणं 'एकोज' वाजवायचे, आणि राइट गेल्यावर गिल्मोरने ते गाणं पुन्हा स्टेजवर घेतलं नाही, हे माहीत असलं की ती दीड मिनिटं वेगळी ऐकू येतात.

तर पैशाचं सांगायचं झालं तर २७ डिस्कचा सेट घेऊ नकोस, त्यातले बहुतेक भाग २०१७ मध्ये सुटे निघालेत, १९६९ आणि १९७१ चे बघ मिळतात का. 'विश यू वेअर हिअर'ची २०११ ची दोन सीडींची आवृत्ती घे, वेम्बलीची तिन्ही गाणी तिच्यात आहेत. 'एंडलेस रिव्हर' विकत घ्यायच्या आधी माझ्याकडची घेऊन जा, मडगावहून फोंडा काही लांब नाही, रविवारी दुपारी मी घरीच असतो, फक्त चतुर्थीच्या आधी ये कारण नंतर भजनं सुरू झाली की मी सापडायचा नाही, आणि परत आणताना सुक्या कपड्यात गुंडाळून आण, गेल्या पावसात माझ्या दोन सीडींना बुरशी धरली.